हँडलचा नट

गॅरेजवाल्या उस्मानभाईंनी माझी मोटरसायकल मधल्या स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी राहील अशी टेकवली आणि हँडलला एका बोटाने हलकेच ढकललं. ते आपल्याच वजनाने डावीकडे झुकायला हवं होतं. मध्येच अडलं.

“साहेब, एवढं कुणी आवळलं हे?”

“मीच.”

माझी मुलगी मुक्ता या गाडीवर शिकत होती. ब्रेक मारला की हँडल खटखटायचं. ती पडू नये म्हणून मी पाना घेऊन हँडलचा नट गच्च आवळला. “बाबा, हँडल जड झालंय, वळत नाही,” ती दोनदा म्हणाली. “तुझाच हात बसलेला नाही,” मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी ती वळणावर पडली. गुडघा आठवड्यात बरा झाला, पण गाडीला तिने पुन्हा हात लावला नाही.

उस्मानभाईंनी हँडलच्या बेअरिंगमधले छर्रे आणि ते ज्यात फिरतात त्या खड्डे पडलेल्या वाट्या बदलल्या. नट आवळला, मग किंचित सैल सोडला. “खटखटू नये आणि अडूही नये, बस.” तो किंचितपणा त्यांच्या मनगटात होता. माझ्या हातांना फक्त गच्च धरणं ठाऊक, आणि त्यालाच मी इतकी वर्षं काळजी म्हणत आलो.

घरी गाडी तशीच टेकवून मी मुक्ताला बोलावलं आणि सगळं सांगितलं. तिने बोट लावलं. हँडल अलगद डावीकडे गेलं, मग उजवीकडे.

तिने ते पुन्हा एकदा ढकलून पाहिलं.

“म्हणजे मला गाडी येत होती,” ती म्हणाली.