बाईचा शेवटचा मार

"भाऊजी, बाई गेली," असं मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या गावाहून, केशोरीहून, भाऊजींनी विचारलं, "कोनाले मारून?" बाई म्हणजे माझी थोरली बहीण. वॉर्डात कुणावर तरी हात उगारून ती तरातरा निघून गेली, असंच त्यांना वाटलं. मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं... काही आठवडे उलटले, तरी बाईला मरण आलं हे मला खरं वाटत नाही.

भाऊजींचं काही चुकलं नव्हतं. बाईचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. धानाच्या रोवणीच्या वेळी एका पोरीचा पदर ओढणाऱ्या मुकादमाला तिनं मानेला धरून बांधीतल्या चिखलात असं दाबलं होतं की चार बायांनी ओढलं नसतं तर तो उठता ना. भाऊजींनी दारूच्या नशेत हात उगारला, तर तिनं मुसळानं त्यांचं मनगट मोडलं आणि स्वतःच सायकलवर बसवून प्लास्टर घालायला नेलं. मी लहानपणी शेतातल्या तळ्यात, बोडीत बुडत होतो, तेव्हा केसांना धरून बाहेर काढलं आणि पोटातलं पाणी ओकून होण्याआधीच कानशिलं लाल केली. तिची माया अशी वळ उठवणारी होती. मला तिची धास्ती वाटायची, आणि तिच्यावाचून करमायचंही नाही.

शुगर निघाली, तेव्हा तिनं गोड सोडलं. पण भात कमी कर म्हटलं की अंगावर यायची. "भात नाई खाऊ त का बैलावानी तनीस खाऊ?" मग थंडीत ताप आला, खोकला आला. पोटात अन्न नाही म्हणून तिनं शुगरची गोळी बंद केली, आणि आजाऱ्याला देतात तशी तांदळाची पेज वाट्यावर वाट्या पिऊ लागली. मी फोनवर ओरडलो, तर म्हणाली, "पेजीत कोठं साखर रायते बे?"

गोंदियाला आणेपर्यंत तिला धाप लागली होती. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल न्यूमोनिया आहे. यातून पुष्कळ जण उठतात. पण एवढी शुगर असली की शरीर लढू शकत नाही, आणि आजारपणानं शुगर आणखी चढते." बाईचं शरीर लढू शकत नाही! मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली.

लढली ती, पण आमच्याशीच. बोट टोचायला आलेल्या नर्सच्या थोबाडीत दिली, सलाइनची सुई उपटली, ऑक्सिजनचा मास्क भिंतीवर आपटला. चादरभर रक्त. "मले काऊन मारून रायले तुमी सारे?" शेवटी तिचा एक हात पलंगाला बांधला, दुसरा मी दाबून धरला. क्षणभर तिनं मला ओळखलं. "बाबू, सोड." मी सोडलं नाही. मी मास्क पुन्हा चढवत होतो, तेव्हा तिनं माझ्या मनगटाला असा कडकडून चावा घेतला की दात मांसात रुतले. मी ओरडलो, पण हात काढला नाही. मास्क टिकला, इन्सुलिननं शुगरही उतरू लागली... पण फुप्फुसांनी तेवढी वाट पाहिली नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, पण चावा काही भरेना. पू धरला. फुलचूरला आमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि माझंच बोट टोचलं. शुगर होती मला, आणि बहुधा बऱ्याच वर्षांपासून. बाई चावली नसती तर मला पत्ताही लागला नसता. असाच एखादा ताप आला असता, आणि माझेही हात कुणाला तरी बांधावे लागले असते.

आता जखम भरत आली आहे. व्रण मात्र राहणार, आणि तो राहावा असंच मला वाटतं. जेवताना बायको भाताचं पातेलं घेऊन येते, मी सवयीनं ताट पुढे करतो, आणि मनगटावरचे ते दात दिसतात.

"नाई घेत ना, बाई," मी घाबरून म्हणतो.