ते तीन दगड कोणी निवडले?

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांतली मी आहे. बोईसरला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. माणसाच्या अंगात जे काही शिरलेलं असतं ते रिपोर्टमध्ये येतं, यावर माझा विश्वास. चकवा, झपाटणं, बाहेरचं... असलं कोणी सांगायला लागलं की मी "हो का" म्हणते आणि पुढच्या पेशंटला हाक मारते. आणि हो, मी जळकुटी आहे. नवरा शेजारणीच्या चहाला छान म्हणाला तर दोन दिवस माझ्या चहात साखर पडत नाही. आता तुम्ही म्हणाल, सगळं हिच्या डोक्यातलंच. म्हणा बापडे.

मागच्या थंडीत ओवीने – आमची मुलगी, तेव्हा दुसरीत होती – हट्ट धरला. तंबूत राहायचं, आणि शेकोटी हवीच. मी शोधायला लागले. बोर्डीकडच्या रिसॉर्टवाल्यांचे दर ऐकून वाटलं, तंबू विकतच देतायत की काय... वर बॉनफायरचे चार्जेस वेगळे! झाई गावचा एक वाडीवाला परवडत होता, पण तो म्हणाला, राहा, जेवा, फक्त विस्तव नको, सुरूचा पाला वाळलाय. तलासरीकडच्या एकाला शेकोटी चालत होती पण फॅमिली चालत नव्हती, त्याला नुसती कॉलेजची पोरं हवी होती. शेवटी आमच्या लॅबमध्ये रक्त काढणारी कासा गावची मुलगी म्हणाली, "मॅडम, रानशेतला रमणभाऊंकडे जा. घरचेच लोक आहेत, शेतात तंबू लावून देतात. शेकोटी करा पाहिजे तेवढी." मी माझ्या फोनवरून बुकिंग केलं. तीन माणसं, शनिवार, एवढंच बोलणं झालं. नावही विचारलं नाही त्यांनी.

चारोटी नाक्यावरून डहाणूच्या रस्त्याला लागलो आणि रानशेतला आत वळलो तेव्हा ऊन उतरत होतं. भात कापलेलं शेत, कडेला कुडाचं घर, मागे गोठा. ओवी गाडीतून उतरली आणि रमणभाऊंची बायको, ताराबाई, पदराला हात पुसत पुढे आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. सरळ ओवीचा डावा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "बरा झाला ना गं बाय? पलास्टर कधी काढलं?"

त्याच्या आदल्या थंडीत ओवी शाळेच्या घसरगुंडीवरून पडली होती. हात मोडला होता. डावाच.

मग ताराबाई माझ्या नवऱ्याला, संदेशला म्हणाली, "दादा, यंदा वहिनी नाय आल्या?" आणि माझ्याकडे वळून अगदी मायेने, "या तुमच्या बहीण ना? तोंडवळा मिळतो थोडा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी बायको आहे यांची," मी म्हटलं. ताराबाईने जीभ चावली. कोणाच्या तरी घरातलं उघड्यावर आणलं आपण, असं तिला वाटलं असणार. पाणी आणते म्हणून ती आत गेली.

"मी इथे आयुष्यात आलेलो नाही," संदेश म्हणाला. "त्यांची कोणाशी तरी गल्लत होतेय."

"आणि प्लास्टर?"

तो ओवीचा हात बघत राहिला. माझ्या नवऱ्याचं लोकेशन त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत असतं. त्या थंडीत तो कंपनी आणि घर सोडून कुठे गेला नव्हता. आणि प्लास्टर निघेपर्यंत ओवी रोज माझ्या कुशीत झोपली होती. मग हे दोघं इथे कधी आले, आणि कोणाबरोबर?

एवढ्यात रमणभाऊ गोठ्याकडून काळे पडलेले तीन दगड घेऊन आले. गोठ्याच्या भिंतीशी असे तीन-तीन दगड वेगवेगळे मांडून ठेवले होते. "आमच्याकडे एका घरची चूल दुसऱ्याला नाय देत," ते म्हणाले. "पाव्हणे पहिल्यांदा आले का घरच्या बाईने ओढ्यावरून तीन दगड निवडून आणायचे. मग ते कायम त्यांचेच. हे तुमचे. वहिनींनी निवडलेले." मागून ताराबाईने डोळे वटारले, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

घरची बाई! मग मी कोण, बुकिंग एजंट?

"ते उचला," मी म्हटलं. "माझे मी आणते." तशीच ओढ्यात उतरले, सलवार गुडघ्यापर्यंत भिजवली आणि तीन गुळगुळीत दगड छातीशी धरून आणले. ओवी बाजूला उभी राहून बघत होती. "आई, ओले दगड फुटतात," ती म्हणाली.

"कोणी सांगितलं तुला?"

तिने जरा विचार केला. "कोणीच नाही. मला माहीतच होतं."

मी ऐकलं नाही. लाकडं रचली, पेटवलं, वर भाताचं पातेलं चढवलं. जाळ छान धरला आणि थोड्या वेळाने फटकन आवाज होऊन एक दगड उभा चिरला. पातेलं कलंडलं, निम्मा भात मातीत. संदेश उठला, ते काळे दगड उचलून आणले आणि कोणाला न विचारता मांडले... मोठा वाऱ्याच्या अंगाला, लहान दोन समोर. आमच्याकडे गॅससुद्धा लायटर शोधत पेटवणारा माणूस हा.

ताराबाई भाकरी घेऊन आली तेव्हा मला राहवलं नाही. "कशी आहे हो ती?" मी विचारलं.

"जाऊ द्या ना ताई."

"नाही, सांगा."

"चारचौघींसारखीच. तुमच्याएवढीच उंच. पण हसते फार. दादा गाणी म्हणतात, ती मधेच भलती चाल धरते, मग पोरगी हसून लोळते नुसती."

ती सुंदर आहे असं सांगितलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. सुंदर बाई समजू शकते मी. पण संदेश गातो? लग्नाला दहा वर्षं झाली, माझ्यासमोर त्याने कधी गुणगुणलेलं मला आठवत नाही. माझ्या वाट्याचा संदेश जेवताना मोबाईल बघतो.

जेवून शेकोटीपाशी चटईवर बसलो. म्हणजे ते दोघं आधी बसले, आणि मधे एका माणसाची जागा सोडून बसले. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मी तिथे बसायला गेले तर ओवी म्हणाली, "आई, तिथे नको. तू या बाजूला ये." का, विचारलं तर म्हणाली, अशीच. मी हट्टाने तिथेच बसले. चटई गरम होती. शेकोटीची धग समोरून लागते, ही ऊब खालून होती, बसमध्ये आत्ताच कोणी उठलेल्या सीटवर असते तशी. मी तिथून हलले नाही. पाय आखडले तरी नाही.

सकाळी चहासुद्धा न घेता निघालो. परतीच्या वाटेवर मी संदेशची जी उलटतपासणी केली, ती पोलिसांनीही केली नसती. "मी कधी गेलो असेन ते तूच सांग," एवढंच तो म्हणत राहिला. पुढे महिनाभर मी त्याचा फोन पाहिला, कंपनीतल्या मित्राला आडून विचारलं. काहीच निघालं नाही. माझा विश्वास बसला नवऱ्यावर, तपासून झाल्यावर.

आणि या जानेवारीत, शनिवारीच, दिवेलागणीला फोन आला.

"ताई, रानशेतवरून रमण बोलतो. मागच्या टायमाला तुम्ही रागाने गेलात, तारा फार आठवण काढते. आज दादा-वहिनी आलेत, पोरगी पण आली. तुम्ही नाय आलात म्हणून म्हटलं विचारावं."

मी ओट्यापाशी उभी होते. तिथून हॉल दिसतो. संदेश टीपॉयवर पाय टाकून मॅच बघत होता. ओवी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"काय करतायत ते?" मी विचारलं.

"शेकोटीपाशी बसलेत. ऐकता?"

त्यांनी फोन तिकडे धरला असावा. लाकडं तडतडत होती. एक पुरुष गात होता, तो संदेश होता. एक बाई भलतीच चाल धरत होती. आणि एक मुलगी हसत होती. फार हसली की ओवीला शेवटी उचकी लागते... लागली.

मला भीती वाटायला हवी होती ना? नाही वाटली. मला वाटलं, आत्ता गाडी काढावी, रानशेत गाठावं आणि त्या बाईला दंडाला धरून माझ्या जागेवरून उठवावं.

"पोरगी जेवली का?" मी विचारलं.

"हो तर. कोंबडी-भाकर. वहिनींनी भरवलं, पोटभर जेवली."

मी फोन ठेवला. लॅबच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ताण आहे, सुट्टी घ्या. कासाची मुलगी शपथेवर सांगते की रमणभाऊ कोणाची थट्टा करणारे नाहीत. संदेशला मी फोनचं सांगितलेलंच नाही. आणि रानशेतला जाऊन बघायची हिंमत आता माझ्यात नाही.

त्या संध्याकाळचं एवढंच राहिलं. मी ताटं वाढली, ओवीला हाक मारली. ती आली, ताट बघितलं आणि बाजूला सारलं. "मला नको आई. पोट भरलंय." दुपारच्या दोन बिस्किटांनंतर तिने काही खाल्लं नव्हतं. मी तिला मांडीवर ओढून घेतलं आणि वरणभाताचे चार घास भरवले. ती नको नको म्हणत होती, तरी भरवले.