न धुतलेली पोती

मास्तरकीचा हुकूम हाती पडला तेव्हा मला पत्रकं लिहिता येत होती, सभेत ओरडता येत होतं आणि शिकवता अजिबात येत नव्हतं. मराठी सातवी पास झालेल्याला त्या काळी ट्रेनिंगशिवायही खेड्यातली शाळा मिळे. मला मिळालेली शाळा नरडाणा स्टेशनपासून दोन कोसांवर होती आणि दिवाळीची सुट्टी संपली की हजर व्हायचं होतं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी ती शाळा बघून आलो. एक खोली, पुढे ओटा. खोलीत वीसेक पोरं, आणि बाहेर ओट्यावर महारवाड्यातली चार. बदलून जाणारे मास्तर निवांतपणे पान जुळवत होते. सगळ्या पोरांना आत बसवावं असा बोर्डाचा कागद आहे ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, कागद आहे, भिंतीला लावलाय, वाचा. अडवतं कोण त्यांना? पण प्रत्येक पोर घरून आपलं बसकर आणतं. गोणपाटाचा तुकडा, पण ज्याचा त्याचा. शेजारच्याचं बसकर आपल्या बसकराला लागू द्यायचं नाही, हे पोरं घरूनच शिकून येतात. मग मधे वीत वीत जागा सोडावी लागते, आणि खोली भरते. "या चौघांना जागाच उरत नाही, त्याला मी काय करू?" असं म्हणून त्यांनी पान तोंडात टाकलं.

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात एक जळजळीत पत्रक लिहून काढलं. जळगाव येईपर्यंत ते पूर्ण झालं, आणि तेव्हाच लक्षात आलं की त्या गावात ते वाचणार कोण? त्यापेक्षा बसकरंच बंद करावीत. सगळ्या खोलीला पुरेल अशी एकच लांब पट्टी शिवायची आणि तीवर सगळ्यांनी बसायचं. एका पट्टीत तुझं कुठलं आणि माझं कुठलं? ओट्यावरची चार पोरं पहिल्याच दिवशी आत आली पाहिजेत, नाहीतर मास्तरकी करायची कशाला, असं मी ठरवून टाकलं.

आमच्या पहूरला मिरचीचा व्यापार करणारे एक मारवाडी शेठजी होते. शाळेसाठी म्हटल्यावर त्यांनी चौदा रिकामी पोती काढून दिली. पोती घरी आणली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं की आधी नदीवर नेऊन धू.

एवढंच ती म्हणाली, आणि मी पेटलो. तिला वाटलं असेल, कुणाकुणाचे हात लागलेली पोती आहेत. याच धुण्याने, याच सोवळ्याने देशाचं वाटोळं केलं, हे मी तीन पत्रकांत लिहिलं होतं. ते सगळं मी तिला ऐकवलं. माणसाच्या हाताने गोणपाट बाटत नाही आणि हे एकही पोतं या घरात धुतलं जाणार नाही, असं बजावलं. आई सूप उचलून आत गेली.

चार दिवस मी दाभण आणि सुतळी घेऊन पडवीत बसलो. पोती उसवली, जोडली, कडा दुमडल्या. बोटं चुणचुणत, ती सुतळीने म्हणून. नाक वाहे, ते थंडीने म्हणून. आई येता-जाता बघे.

गावात एक पेन्शनीत निघालेले मास्तर होते, त्यांना सगळं गाव नाना म्हणे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलेलो. निघायच्या तीन दिवस आधी ते स्वतःहून आले. म्हणाले, "मला एक धडा दे. मी पोर, तू मास्तर." मी पट्टी अंथरली. नानांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि पोरासारखी मांडी घातली. मी तापी नदीचा धडा सुरू केला. ती कुठे उगम पावते इथून निघालो आणि पाच मिनिटांत तिच्या काठच्या माणसांवर होणाऱ्या अन्यायापाशी पोहोचलो. आवाज चढला, हात हवेत गेले. नाना चुळबुळायला लागले. कधी एक पाय काढत, कधी दुसरा, पोटऱ्या खाजवत. म्हाताऱ्याला खरं बोलणं टोचतंय असं वाटून मी आणखी जोरात बोललो.

शेवटी ते उठून उभेच राहिले. पोटऱ्यांची कातडी लाल झाली होती.

"ही पोती मिरचीची आहेत का रे?"

मी हो म्हटलं.

"धुतलीस?"

मी नाही म्हटलं.

नानांनी धोतर खाली सोडलं. रागावले नाहीत. हळू म्हणाले, "तुझी पोरं तर लंगोटीवर, अर्ध्या चड्डीवर येणार. ती अशीच खाजवत, रडत घरी गेली तर गाव मिरचीला दोष देईल का? गाव म्हणेल, एका पट्टीवर बसवलं त्याचं हे फळ. देवी कोपली. मग ती चार पोरं ओट्यावरसुद्धा राहायची नाहीत."

मी मटकन खाली बसलो, तोही त्याच पट्टीवर. पुढे आठ वर्षं मास्तरकी केली, इन्स्पेक्टरांच्या पुष्कळ तपासण्या सोसल्या, पण इतका नापास मी पुन्हा कधी झालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीची वळकटी खांद्यावर घेतली, तर धुण्याची मोगरी घेऊन आई दारात उभी होती. वाघूर नदीच्या थंड पाण्यात आम्ही ती पट्टी तीनदा धुतली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या, आणि मधे पिळा. पहिल्या पिळ्याचं पाणी तांबूस निघालं. ते वाहून गेलेलं बघत आई म्हणाली, "का हो मास्तर, धुतलं म्हणजे वाटोळं होतं ना देशाचं?"

मला मास्तर म्हणून हाक मारणारं पहिलं माणूस ती. त्या दिवशी धू म्हणाली तेव्हा तिला मिरचीचंच म्हणायचं होतं का, हे मी विचारायला हवं होतं. आजवर विचारलेलं नाही.

पट्टी वाळल्यावर तिने मला अंगणात बसवलं. धोतर वर घेऊन, उघड्या मांड्यांनी, ऊन माथ्यावर येईपर्यंत. शेजारणी बघून हसत होत्या. गावभर बोंबलत फिरलेला मी त्या दिवशी गप्प बसायला शिकलो. ट्रेनिंग म्हणाल तर माझं तेवढंच. खाज सुटली नाही, तेव्हा आईने ऊठ म्हटलं.

सोमवारी मी शाळा उघडली. बसकरं ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायला लावली आणि पट्टी भिंतीलगत फिरवून अंथरली. पाटील बघायला आले होते. दारातूनच म्हणाले, "हाई काय शे, मास्तर? लगीननी सतरंजी शे का?" पोरं हसली. मीही हसलो. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बठ्ठा पोरे एकच पट्टीवर बसतीन का?"

भाषण तयार होतं. कोटाच्या खिशात दोन पानं लिहून आणली होती. ती काढली नाहीत. "हो, सगळी, आणि मीही," एवढं म्हणून मी पट्टीच्या मधोमध मांडी घातली आणि दाराकडे बघत गप्प राहिलो. ओट्यावरची चार पोरं दारातून मला बघत होती. बऱ्याच वेळाने त्यातलं मोठं आत आलं आणि माझ्या उजव्या हाताला टेकलं. मग बाकीची तीन. डाव्या हाताला पाटलांचा नातू आला, आणि त्याच्यामागून इतरही. दोन पोरं बसकरं उचलून घरी गेली. त्यातलं एक गुरुवारी परत आलं, दुसरं आलंच नाही. पाटील निघून गेले.

मी तापी नदीचा धडा सुरू केला. या खेपेला नदीतच राहिलो. थोडा वेळ झाला आणि पाटलांचा नातू फाडकन शिंकला. मी धडा थांबवून त्याच्या मांड्यांकडे बघितलं, मग सगळ्या पोरांच्या. त्याने बाहीला नाक पुसलं आणि पुढे सांगा म्हणून माझ्याकडे बघत बसला. दुसरं कुणी शिंकलं नाही. थंडीचे दिवस होते.