मागच्या सीटवरचं कोर्ट

कंपनीच्या बसमध्ये किस्से साठायला वेगळं काही करावं लागत नाही. चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबतं, एसी बंद असतो, मोबाईलची बॅटरी संपत आलेली असते, मग माणसं बोलायला लागतात. हे किस्से सांगताना पूर्वी मी पोट धरून हसायचो. हल्ली सांगता सांगता मध्येच लाज वाटते. तरी सांगतो, ऐका.

कंपनी सुटल्यावर मी घरच्या बसमध्ये चढतो तेव्हा मागच्या लांब सीटवर आमचं कोर्ट भरलेलं असतं. खिडकी उघडायची की नाही इथपासून देश कसा चालवावा इथपर्यंत सगळ्या केसेस तिथे चालतात. मधोमध जज बसतो, बाकीचे हात वर करून मत देतात. आमचे जज दत्ताभाऊ, चाकणजवळच्या गावातले. घरची शेती आहे, शिवाय कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला नोकरी. आवाज असा की माइकची गरज नाही.

*

मध्यंतरी भाऊंची शिफ्ट बदलली आणि नवा जज नेमायची वेळ आली. मेंटेनन्सचा युनूसभाई म्हणाला, "मतदान घेऊ या."

"न्हाई! जज जजानंच निवडायचा. वर, मोठ्या कोर्टातबी तसंच हाय," भाऊ म्हणाले आणि त्यांनी थेट आपल्या साडूचं नाव जाहीर केलं!

"अहो भाऊ, पण तो बाईकने येतो. बसमध्ये चढतच नाही!"

"मग तर लई झ्याक! कुणाचीच बाजू घ्यायचा न्हाई!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊंची शिफ्ट परत बदलेपर्यंत आमचं कोर्ट जजशिवाय चाललं आणि कुणाला काही फरक पडला नाही.

*

निवडणुकीच्या दिवसांत भाऊंना भलताच चेव चढायचा. "आमच्या घरातली समदी मतं माझ्या खिशात हायेत!" असं रोज एकदा तरी व्हायचं. आम्हीही माना डोलवायचो, कारण घरोघरी आमचा समज तोच होता.

पुढे भाऊंच्या नातवाचं बारसं झालं. माझ्या बायकोने सहज वहिनींना, म्हणजे भाऊंच्या बायकोला, विचारलं, "वहिनी, मत कुणाला दिलंत?"

वहिनी पेढ्यांचं ताट सावरत म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलं त्यालाच. म्हंजी, ह्यास्नी म्या तसं सांगितलंय!"

माझी बायको इतकी हसली, इतकी हसली की मी तिच्याकडे बघतच राहिलो. घरी जाताना तिला विचारावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही.

*

आमच्या बसमध्ये पुढच्या सीट बायकांच्या. का, तर आदर म्हणून. ज्योती मॅडम तिथेच बसतात. इन्स्पेक्शनला आहेत, चऱ्होलीला राहतात, मोशीला उतरतात. माहेर लातूरकडचं, बोलणं सरळसोट. त्यांनी एकदा पुढूनच विचारलं, "आम्हाला कधी जज करणार हो?"

"मॅडम, तुम्ही पुढं बसता. कोर्ट मागं हाय!" भाऊ म्हणाले. बस हसली.

दुसऱ्या दिवशी मॅडम सरळ मागे येऊन लांब सीटवर बसल्या. कुणी कानात हेडफोन घातले, कुणाला झोप आली. शेवटी भाऊ घसा खाकरून म्हणाले, "आज कोर्टाला सुट्टी!"

मॅडम त्यानंतर पुन्हा पुढेच बसायला लागल्या. आदर कायम राहिला.

*

मग एकदा युनूसभाईने मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. परदेशात कुठे तरी गर्भपातावरून निवडणूक पेटली होती. तिथे म्हणे सरकार बदललं, नवे जज नेमले आणि बायकांचा जुना हक्कच गेला.

आम्ही हळहळलो. मग छाती फुगवली. "आपल्याकडे कायदा कधीचाच आहे, राव! आपण पुढे आहोत!"

भाऊंनी लगेच केस घेतली. बाईला गर्भपात करायचा असेल, तर नवऱ्याची सही पाहिजे का नको? मी मोबाईलवर शोधून मोठ्याने वाचलं, "सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही."

"कायदा कायद्याच्या जागी, भावा. संसार हाय! हात वर करा!"

सगळे हात वर. कायदा वाचून दाखवणाऱ्याचाही. पुढच्या सीटवरून कुणी मागे वळून पाहिलं नाही. निकाल एकमताने लागला म्हणून भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला.

*

त्यानंतर काही दिवसांनी बस चौकात अडकलेली असताना ज्योती मॅडम उठून मागे आल्या. बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"माझी केस घ्या," त्या म्हणाल्या. "मला दोन लेकरं आहेत. तिसरं नकोय. नवरा नाही म्हणतोय. दोन दवाखाने झाले, दोन्हीकडं नवऱ्याची सही मागतेत. कायद्यात लागत नाही म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी मोठं माणूस घेऊन या, मग बोलू."

मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

"दिवस वर चाललेत. उद्या गुरुवार, कंपनीला सुट्टी आहे. तुमच्यापैकी कुणी एकानं नुसतं सोबत यायचं. त्या दिवशी इथं जे वाचलं, तेच डॉक्टरांसमोर वाचायचं. कोण येतंय? हात वर करा."

युनूसभाई चपलेचा पट्टा नीट करायला वाकला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. चौकात बघण्यासारखं काहीही नव्हतं. बाकीच्यांचे हात मांडीवर होते, बॅगेवर होते, डब्यावर होते.

पुढच्याच स्टॉपला उतरायचं म्हणून दत्ताभाऊ तेवढे उठून उभे होते, वरच्या दांडीला धरून. मॅडमनी त्यांचा तो वर गेलेला हात पाहिला. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आमच्यातल्या कुणालाच तो बघवेना.

"भाऊ, तुम्ही येताय?"

भाऊंनी वर पाहिलं. मग दांडी सोडली आणि हात खिशात घातला.