निंगीची चाल

"अक्का, तेवढं स्वल्प चालून दाखवा. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. हिला शिकायचंय."

दिग्दर्शक हे म्हणाला तेव्हा मी दारातच उभी होते. जयनगरमधल्या एका बंगल्यात आमचं शूटिंग चालायचं. मी नेहमीसारखी बसने आले होते, पिशवीत माझी हिरवी साडी घेऊन. लहान कामं करणाऱ्यांनी कपडे आपापले आणायचे, अशी तिथली पद्धत होती. प्रॉडक्शन मॅनेजरने माझ्या हातातली पिशवी घेतली, साडी बाहेर काढून झटकली आणि आरशासमोर बसलेल्या एका मुलीच्या खांद्यावर टाकली.

मुलगी गोरीपान होती. मेकअपवाला तिच्या गालांना तपकिरी रंग लावत होता. गाल झाले, मग मान, मग हात. मधेच त्याने माझ्याकडे वळून बघितलं. तीन वर्षांची ओळख, मला वाटलं हसेल. तो हसला नाही. डब्यातला रंग माझ्या रंगाशी जुळतोय का, ते तो बघत होता.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझं काम दुसरीला दिलंय, हे मला माझ्याच साडीवरून कळलं.

मालिकेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ती लागायची त्या वर्षांत बेंगळुरात राहिलेल्यांना अजून हसू येईल, आणि मला ते हसू नको आहे. आठवड्यातून एकदा लागणारी कानडी विनोदी मालिका. एक निवृत्त साहेब, त्यांची बायको, मुलगा, सून, आणि त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी निंगी. निंगी म्हणजे मी. तिथलं सगळं बोलणं कानडीतच व्हायचं, मी ते इथे माझ्या भाषेत सांगते आहे.

आम्ही चांभार. चामराजपेटेत चार पिढ्या. त्याआधी मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यांचे जीन-लगाम शिवत आमचे लोक दक्षिणेत उतरले, असं आजोबा सांगायचे. फौज गेली, घोडे गेले, आम्ही राहिलो. अण्णा, म्हणजे माझे वडील, रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवायचे. आई जयनगरात चार घरची फरशी पुसायची. मी यशवंतपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची, आणि नोव्हेंबरात राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, आला की पेटेतल्या मंडपात नाटुकली करायची. तिथेच या दिग्दर्शकाने मला पाहिलं आणि बोलावलं.

पहिल्या तालमीला मी निंगीला एक चाल दिली. उजवा पाय गुडघ्यात वाकवायचा नाही, बाहेरून फिरवून टाकायचा. एक हात कमरेवर. चार पावलं झाली की थांबायचं, भिंत धरायची आणि वर बघायचं, काहीतरी आठवल्यासारखं. दिग्दर्शकाने मांडीवर थाप मारली. "हे शिकवून येत नाही," तो म्हणाला. "तुमच्या लोकांत असतंच ते."

मी ते कौतुक समजले. तेव्हा मी फार लवकर खूश व्हायची.

ती चाल माझी नव्हती. माझ्या आईची होती. तीस वर्षं लोकांच्या फरशीवर गुडघे टेकून तिचा उजवा गुडघा आखडला होता. चार पावलांवर थांबायची ती धाप लागायची म्हणून. आणि वर बघायची ती मालकिणीला धाप कळू नये म्हणून. मालकिणीला वाटावं, बाईला काही आठवलंय. धाप लागलेल्या बाईला कामावर कोण ठेवतं?

हे मला माहीत होतं, आणि मी ते उचललं, आणि लोक पोट धरून हसले. बसमध्ये पोरं "निंगी, निंगी" ओरडायची. कारखान्यात बायका दुपारच्या सुट्टीत म्हणायच्या, चाल की गं एकदा, आणि मी मशीनच्या रांगांमधून चालायची. आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारच्या घरात सगळी आळी जमून बघायची. आईही यायची. पण पडद्यावर निंगी आली की ती "भाताकडे बघते" म्हणून उठायची. दर आठवड्याला तोच भात. मी कधी विचारलं नाही, आजच कसा करपायला आला?

त्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात पडद्यावर निंगीचं राज्य असायचं. ती साहेबांना चहासाठी ताटकळत ठेवायची, सुनेला चार शब्द सुनवायची. कॅमेरा बंद झाला की मला पाणी मागच्या नळावर. बाकीच्यांना आत, माठातलं. घराच्या मालकिणीची तशी अट आहे, असं मला सांगण्यात आलं. मालकिणीने स्वतः मला कधीच काही सांगितलं नाही. तिला तशी गरजच पडली नाही, मी पहिल्या दिवसापासून आपणहून मागच्या नळावर गेले.

आता एक दुसरी गोष्ट सांगते, तीही माझ्याच विरुद्ध जाणारी.

मालिका लांबली की माणसं बदलतात. सुनेचं काम करणारी सोडून गेली, तेव्हा आख्खा एक भाग त्यावर लिहिला. सून परदेशी जाऊन आली, विमानतळावर सगळे घ्यायला गेले, सासूने डोळ्यांवर हात घेऊन विचारलं, "काय गं, किती बदललीस!" बघणारेही हसले. जुनीला शाल दिली, फळांची करंडी दिली. सगळं रीतसर झालं.

पुढे दूधवाल्याचं काम करणारे म्हातारबाबा आजारी पडले. पुढच्या वेळी त्यांचा पंचा खांद्यावर टाकून दुसराच माणूस दारात उभा होता. कथेत कुणी चकार शब्द काढला नाही. त्याच्यासमोर भांडं धरलं ते मीच. "आज उशीर केलास रे," हे वाक्य मीच म्हटलं. म्हातारबाबा मला दर शूटिंगला स्वतःच्या डब्यातला भात द्यायचे. त्यांचं काय झालं, मी विचारलंसुद्धा नाही. माझी पोळी शाबूत होती ना, मग झालं.

मग दीडशेवा भाग झाला. एका हॉलमध्ये दुपारचा समारंभ ठेवला. कुटुंबासह या, असं छापलेलं आमंत्रण. छापलेलं आमंत्रण आमच्या घरी पहिल्यांदाच आलं होतं. अण्णा म्हणाले, "तुम्ही जावा, मी तिथं काय करू?" आईने ठेवणीतली साडी नेसली. मी तिला पुढच्या रांगेतच बसवलं. मला मिरवायचं होतं.

चहा झाला. लोकांनी कप खुर्च्यांखाली ठेवले. आई उठली आणि ते कप गोळा करू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. हातच तसे झाले होते तिचे. सात-आठ कप घेऊन ती चालली, आणि निर्मात्याच्या बायकोने ते पाहिलं.

"अय्यो, ही बघा खरी निंगी!"

सगळे वळले. दिग्दर्शक टाळ्या वाजवत पुढे आला. "अम्मा, तेवढं स्वल्प चालून दाखवा. इथून तिथपर्यंत."

आईला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी काय केलं ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मी हसले. म्हणाले, "चल की गं आई."

आईने कप खाली ठेवले आणि ती चालली. चौथ्या पावलाला थांबली. खुर्चीची पाठ धरली. वर बघितलं. हॉल टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी म्हणालं, "तंतोतंत!" आईसुद्धा हसली. मालकीण हसली की कामवालीनेही हसायचं असतं, तसं.

परत बसने निघालो. चामराजपेट आलं, आम्ही उतरलो, गल्लीच्या तोंडाशी ती उभी राहिली.

"मी अशी चालते होय गं?" तिने विचारलं. "मला कुणी सांगितलंच नाही."

मला लाज वाटली. आईची नाही, माझी. अशी लाज मला त्या नळावर पाणी पिताना वाटायला हवी होती, पण तिथे कधी वाटली नाही.

त्या दिवसापासून आई माझ्यासमोर सरळ चालायला बघू लागली. ओठ आवळून, गुडघा जबरदस्तीने वाकवून. मी घरात नसले की पूर्वीसारखी चालायची, हे अण्णांनी सांगितलं. स्वतःच्या घरात, दोन खोल्यांत, माझी आई माझ्यापासून लंगडणं लपवत होती. याहून मोठा अपमान मला कुणी काय शिकवावा?

पुढच्या शूटिंगला मला ती चाल जमेना. पाय उचलायची, आणि गल्लीच्या तोंडाशी उभी राहिलेली आई दिसायची. पाय सरळ पडायचा. दिग्दर्शक म्हणाला, "अक्का, फुलवा जरा." नाही फुलली. दुसऱ्या शूटिंगला तेच, तिसऱ्याला तेच. तो वैतागला. "तुम्ही अशा ताठ चाललात तर निंगीत आणि सुनेत फरक काय राहिला?"

चौथ्या वेळी आले तेव्हा आरशासमोर ती मुलगी बसलेली होती.

आता कळलं असेल, तो मला चालून दाखवायला का सांगत होता. माझ्याकडून होत नाही म्हणून मला काढलं, आणि माझ्याकडूनच शिकायचं होतं. जे आमच्या लोकांत असतंच, ते आता तिला शिकवून यायचं होतं.

मी एकच गोष्ट विचारली. "सर, निंगी बदलली असं कथेत कुणी म्हणेल का?"

"म्हणजे?"

"सुनेच्या वेळी म्हणाले तसं. एक वाक्य. जुनी निंगी गेली, ही नवीन आली. एवढंच."

तो हसला. वाईट हसला नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसा. "अक्का, कामवालीचा चेहरा कोण बघतं? साडी तीच, चाल तीच, झालं."

मुलगी खुर्चीतून उठली. अर्धा चेहरा रंगवलेला, अर्धा तिचा. वागायला चांगली होती, हेही सांगायला हवं. "अक्का, प्लीज," ती म्हणाली. "मी खूप मनापासून करीन. तुम्ही शिकवलंत असं सगळ्यांना सांगेन."

"तुझा गुडघा दुखतो?" मी विचारलं.

"नाही."

"मग कशाला चालतेस तशी?"

मी तिच्या खांद्यावरची साडी काढून घेतली आणि घडी घालू लागले. मॅनेजर म्हणाला, "साडी राहू द्या, कंटिन्युइटीला लागेल, दर भागात तीच दिसायला हवी. तुम्हाला दुसरी आणून देतो." मी पदराला पदर जुळवला. घडी वाकडी झाली, मी पुन्हा घातली. सगळे थांबून बघत होते. तीन वर्षांत त्यांनी माझ्याकडे न हसता बघितलं ते एवढंच.

"बरं, साडी न्या," दिग्दर्शक म्हणाला. "चालून तेवढं दाखवा."

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं. "बघा."

दारात काढलेल्या चपला मी पायात घातल्या. अण्णांनी शिवलेल्या. त्या घालून मी बंगल्यातल्या पुसलेल्या फरशीवरून चालले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही गुडघे वाकवून, कुठेही न थांबता. आम्ही नेहमी मागच्या दाराने जायचो. मी पुढच्या दाराने बाहेर पडले.

बाहेर आले आणि रडले. पराक्रम केल्यासारखं काही वाटलं नाही. तीन वर्षांचं काम गेलं होतं, आणि मला ते काम आवडायचं, हे खोटं कशाला सांगू? कॅमेरा सुरू झाला की मी कॉलर शिवणारी नसायची. ते आता संपलं होतं.

नवीन भाग लागला तेव्हा आळी जमली. तिची साडी हिरवीच होती, कुठून तरी आणली असणार. चालही तिने जुन्या भागांवरून उचलली होती. आयत्या बिळावर नागोबा. लोक हसले, पूर्वीइतकेच. दुसऱ्या दिवशी आळीतली सावित्रक्का मला नळावर म्हणाली, "काल छान केलंस गं." चार घरं सोडून राहणारी बाई. रोज माझं तोंड बघते. दिग्दर्शक खरं बोलला होता. हिरवी साडी पाहिली, लंगडा पाय पाहिला, आणि आमच्या आळीनेसुद्धा चेहरा बघितला नाही.

फक्त आई तो भाग लागला तेव्हा भाताकडे बघायला उठली नाही. शेवटपर्यंत बसली. मग म्हणाली, "ती थांबते तिथं का थांबायचं, तिला ठाऊक नाही."

रात्री नाही, तिथेच, सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, "आई, माझ्यासमोर सरळ चालू नकोस. दुखतं तर लंगड." ती उठली, आणि भिंत धरत, पाय बाहेरून टाकत आमच्या घराकडे निघाली. चौथ्या पावलाला थांबली. या वेळी तिने वर बघितलं नाही. सरळ धापा टाकल्या, सगळ्यांना ऐकू येतील अशा. कुणी हसलं नाही.

त्यानंतरच्या राज्योत्सवाला मंडपवाले आले. निंगी कराच म्हणाले, लोक मागतायत. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी ती चाल विसरले. मी विसरलेली नाही. ती माझ्या पायात आहे, आणि आईनंतर ती माझ्याकडेच राहणार आहे. पण ती आता मागून मिळणार नाही.

ज्या दिवशी मी ती पुन्हा दाखवीन, त्या दिवशी आधी फरशी दाखवीन. कुणाची होती, किती खोल्यांची होती, पुसणारीला पाणी कुठल्या नळावर मिळायचं, तेही दाखवीन. मग गुडघा दाखवीन. आणि मग चालेन. त्यानंतर ज्याला हसायचं असेल त्याने माझ्या तोंडाकडे बघून हसावं.