रविवारचा पूर

करमाडजवळच्या आमच्या गावात पूर दर उन्हाळ्यात यायचा, तोही रविवारी. सरकारी आपत्ती आराखड्यात लिहिलेली मॉक ड्रिल होती ती. ओढ्यात तेव्हा चूळ भरायलाही पाणी नसायचं. भोंगा वाजायचा, मदत पथकाची पोरं केशरी जाकिटं घालून पळायची आणि माझी मोठी जाऊ, अक्का, स्ट्रेचरवर पडून शाळेत जायची. तालमीला बुडणारं माणूस लागतं आणि अक्का अंगानं काडी. उचलायला हलकी म्हणून दरवर्षी मान तिचाच.

रविवार अशासाठी, की पथकातली सगळी पोरं शेंद्र्याच्या कंपन्यांत कामाला. एरवी दिवसा गावात उरतात म्हातारी माणसं आणि गुरं. हे गावाला ठाऊक होतं, ड्रिल घेणाऱ्या तहसीलच्या साहेबांनाही ठाऊक होतं. म्हणूनच तर रविवार धरायचे.

अक्काला ते सोंग आवडायचं. भाऊजी गेल्यापासून ओढ्याकाठच्या घरात ती एकटीच. त्या दिवशी तिला चार माणसं विचारायची, शाळेत पोहे मिळायचे, फोटो निघायचा. एकदा कंटाळून ती स्वतःच चालायला लागली, तर साहेब रागावले. "आजी, तुम्ही जागचं हलायचं नाही. दाराला लाल फडकं बांधायचं आणि खाटेवर पडून राहायचं. पथक येणारच." तेव्हापासून ती अगदी शहाण्यासारखी पडून राहायची.

मागच्या पावसाळ्यात खरं पाणी आलं ते मंगळवारी, भरदुपारी. मी शहरात, पडेगावच्या घरी होते. ओढा फुटल्याचं कळताच फोन लावला.

"अक्का, आधी घर सोडा. वर शाळेत जा."

"फडकं बांधलंय गं दाराला. पोरं येतीलच की."

"पोरं कंपनीत असतील. तुम्ही चालायला लागा."

"तू नको घाबरू. साहेबांनी सांगितलंय, जागचं हलायचं नाय. लई वरडत्यात मग."

तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं आणि शाळा हाकेच्या अंतरावर. मी विनवलं, रडले, नाही नाही ते बोलले. मग फोन लागेनासा झाला. संध्याकाळी मागची भिंत पडली. अक्का तिच्याखाली खाटेसकट सापडली. दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा दाराच्या कडीला फडकं तसंच होतं, दुहेरी गाठ मारलेलं.

पाणी ओसरल्यावर वरून मूल्यमापन समिती आली. बैल गेला अन् झोपा केला. शाळेत सतरंज्या अंथरल्या, पाहुण्यांना शाल-नारळ झाले. त्या शालींचा मला इतका संताप आला, की मी हात मांडीखाली दाबून बसले. मग पडद्यावर उन्हाळ्यातल्या ड्रिलचा व्हिडिओ लावला. अक्का खाटेवर पडलेली, आणि हसू दाबताना तिचा पदर हलत होता. समितीतले एक साहेब म्हणाले, "आपद्ग्रस्त महिलेनं सूचना तंतोतंत पाळल्यात. उत्तम सहभाग."

पथकातली पोरं माना खाली घालून बसली होती. त्या दिवशी रविवार होता, म्हणून सगळी हजर होती.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "पुरातही तिनं तशाच पाळल्या, साहेब."

व्हिडिओ चालूच होता. पडद्यावर चौघं जण तिला अलगद उचलत होते.