वैशाखातली बोडी

मधुकरराव गेले तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. सकाळी मी चहा घेऊन आत गेले, तर मान उशीवरून कलंडलेली, अंग गार. रडू आलं नाही. आधी रागच आला... शेवटपर्यंत बोलले नाहीत ना! नवऱ्याबद्दल असं लिहिते म्हणून लोक मला दगडाच्या काळजाची म्हणतील. म्हणोत.

अर्जुनी मोरगावच्या एसटी स्टँडवर त्यांनी जन्मभर बसगाड्यांना हुकूम सोडले. रिटायर झाल्यावर हुकूम ऐकायला उरले मी. मुलगा हैदराबादला जाताना बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिक सैनिकांचा नि गाड्यांचा खोका मागे ठेवून गेला होता, त्यातून यांची लढाई सुरू झाली. दिवाणावर चादर, तिच्याखाली उशा कोंबल्या की डोंगर. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कापून जंगल. निळ्या ताडपत्रीचा तुकडा म्हणजे बोडी, आमच्याकडचं लहानसं तळं. अंतर मोजायला माझा शिवणकामाचा टेप, फासा लुडोचा. मी हरायचे. हरले की हे शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, वर फोटो काढून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. मी माझ्या आईची तेरवी करून परतले, त्याच संध्याकाळी यांनी माझी पलटण कापून काढली. "हे लढाई होय वो, भाजी निवडनं नोहोय," म्हणाले. नणंदेने ग्रुपवर हसणारी तोंडं पाठवली. हरणाऱ्याने आपला सेनापती स्वतःच्या हाताने आडवा करायचा, हा यांचाच नियम. एकदा तरी यांना तो आडवा करायला लावायचा, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

मग किडन्या गेल्या. डायलिसिससाठी गोंदियाला फेऱ्या मारून माणसाची काडी झाली, तरी खेळ सुटला नाही. उशांना टेकून हे सांगायचे, सैनिक मी सरकवायचे, त्यांचेही आणि माझेही. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, जिंकू दे ना त्यांना." का म्हणून? मुद्दाम हरले असते तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आणि खरं सांगते, मला दया आलीही नव्हती.

शेवटच्या डावाला हंगाम त्यांनीच ठरवला, वैशाख. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, कोरड्या, म्हणजे त्यांच्या गाड्या कुठूनही धावणार. यांनी सगळी फौज पुढे लावली. पाठीला बोडी, तिकडून कोण येतंय? मी शेतकऱ्याची लेक. माझे सैनिक सरळ ताडपत्रीवरून नेले आणि त्यांच्या सेनापतीला मागून घेरलं.

"पान्यातून कशी आली वो?"

"वैशाख तुमीच ठरवला. वैशाखात बोडीत पानी रायते का?"

त्यांचा हात सेनापतीकडे गेला... आणि मागे आला. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर गोळ्या घेतल्या त्या मदतीला येऊन राहिलेल्या नणंदेच्या हातून, पाणीसुद्धा. मी समोर गेले की डोळे मिटायचे. मीही मनधरणी केली नाही. जिंकलेल्याने कशाला करायची?

त्यांची तेरवी झाल्यावर नणंद झाडू घेऊन त्या खोलीत गेली. "वयनी, आता कायले मांडून ठेवलं हे?" म्हणत तिने त्यांचा सेनापती बोटाने आडवा पाडला. मी तिच्या हातातला झाडू हिसकावला. "ज्याचा त्यानं पाडाले पायजे होता! तू कोन?" अशी ओरडले की शेजारीण दाराशी आली. मग मी तो उचलला, पदराने पुसला आणि होता तिथे उभा केला.

आता रोज जेवण झालं की मी माझ्या बाजूला बसते. खेळी त्यांची आहे.